आजी-आजोबांचा एकरंगी चेहरा पिशवीवर छापायचाय? थ्रेशोल्डच्या आधीचं काम

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाला पाहुण्यांना कापडी पिशव्या द्यायच्या आहेत आणि त्यांवर आजी-आजोबांचे चेहरे मरून रंगात छापायचे आहेत. स्क्रीन प्रिंटिंगवाल्यांनी ‘सिंगल कलर आर्टवर्क द्या, ग्रे चालणार नाही’ एवढंच सांगून फोन ठेवला. तुम्ही फोटोशॉपमध्ये मोबाइलवरचा फोटो उघडून थ्रेशोल्ड लावलात. आजोबांचा अर्धा चेहरा काळा गोळा झाला, टोपी पांढऱ्यात विरून गेली, आजींचं कुंकू गायब. स्लायडर डावीकडे नेला की चेहराच पुसला जातो, उजवीकडे नेला की सगळं काळं होतं. तर नेमका आकडा कोणता ठेवायचा?

कोणताही ठेवलात तरी हेच होणार. थ्रेशोल्ड फार साधं काम करतो. फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याचा उजेड ० ते २५५ या पट्टीवर मोजतो, तुम्ही दिलेल्या आकड्याच्या खाली असेल तर काळा, वर असेल तर पांढरा. सुरुवातीला १२८ दिसतो तो निव्वळ मधला आकडा आहे, त्यात चेहऱ्याचा काही विचार नाही. टोपीच्या घड्या दिसायला २३० च्या आसपासचा आकडा लागतो, भुवईखालच्या सावलीला ९०, गालाला १४०. एकाच आकड्यात हे तिन्ही बसत नाहीत. म्हणून एका आकड्यात बसेल असा फोटो आधी तयार करायचा असतो. माझ्या कामातला जवळजवळ सगळा वेळ त्या तयारीत जातो; थ्रेशोल्ड शेवटी, एका क्षणात.

दुसरी गोष्ट डोक्यात पक्की ठेवा: बरंच काही सोडून द्यायचं आहे. फक्त काळ्या-पांढऱ्या डागांतून माणूस चेहरा ओळखतो, तेही सहज. क्रेग मूनी नावाच्या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञाने १९५७ साली अशीच दोन रंगांतली, सावल्यांचे नुसते डाग असलेली चेहऱ्यांची चित्रं मुलांना दाखवून अभ्यास केला होता. त्यांत नाकाची रेघ नसते, हनुवटीची कड नसते, तरी चेहरा दिसतो. अर्धं काम बघणाऱ्याचा मेंदू करतो. टी-शर्टांवरचा चे गव्हेरा आठवा. अल्बेर्तो कोर्दा या छायाचित्रकाराने हवानात मार्च १९६० मध्ये काढलेल्या फोटोवरून जिम फिट्झपॅट्रिक या आयरिश चित्रकाराने १९६८ साली पोस्टर केलं. त्यात केस, टोपी आणि दाढी यांच्या मोठ्या काळ्या पट्ट्या आहेत, मध्ये चेहऱ्याचा थोडासा उजेड, आणि तेवढ्यावर तो जगभर ओळखला जातो. आपल्याकडे टिळक म्हटलं की पगडी आणि मिशा, बाबासाहेब म्हटलं की चष्म्याच्या गोल कडा. गाडीच्या मागच्या काचेवर लावलेलं रेडियम दहा मीटरवरून ओळखू येतं ते अशा एका-दोन खुणांमुळे. आजोबांची ती खूण कोणती, हे काम सुरू करण्याआधी घरातल्यांना विचारा. टोपी आणि चष्मा म्हणतील बहुतेक. मग ते दोन सांभाळायचे आणि बाकीच्याची फारशी चिंता करायची नाही.

आता फोटो. तुम्ही जो वापरलात तो समारंभातला, समोरून फ्लॅश मारलेला असावा. असा फोटो या कामाला सगळ्यात वाईट. समोरच्या फ्लॅशने चेहऱ्यावरच्या सावल्या मरतात, आणि आपल्याला तर फक्त सावल्याच छापायच्या आहेत. आजी-आजोबा दोघंही घरात आहेत, तर नवा फोटो काढा. सकाळी खिडकीपाशी बसवा, उजेड एका बाजूने आणि थोडा वरून यायला हवा. ऊन थेट तोंडावर नको. नाकाची सावली गालावर पडलेली दिसली की उजेड बरोबर आहे असं समजा. फोन डोळ्यांच्या उंचीवर धरा आणि दोन मीटर मागे जाऊन झूम करा. जवळून काढला तर नाक मोठं आणि कान लहान येतात. रंगीत फोटोत ते खपून जातं, एकरंगीत मात्र ‘हे आजोबा वाटत नाहीत’ असं सगळे म्हणतात आणि का ते कुणालाच सांगता येत नाही. चष्म्यावर खिडकी चमकत असेल तर चष्मा काढायला सांगू नका. काड्या कानावरून किंचित वर उचला. काचा खाली झुकतात आणि चमक निघून जाते.

दोघांचे फोटो वेगवेगळे काढले तर उजेड दोघांवर एकाच बाजूने पडू द्या. नाहीतर शेजारी ठेवल्यावर दोघं दोन वेगळ्या खोल्यांत बसल्यासारखे दिसतात. अशा वेळी एक फोटो आडवा उलटवून जुळवायचा मोह होतो. तो टाळा. आजींची चमकी उजव्या नाकपुडीत जाईल, पदर उजव्या खांद्यावर येईल, आणि आत्यांच्या नजरेतून ते सुटणार नाही.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून घ्यायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून मागवा. नेहमीसारखा पाठवला की तो दाबून लहान केला जातो, आणि जेपेग दाबताना चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन पाडते. रंगीत फोटोत ते चौकोन डोळ्यांना जाणवत नाहीत. थ्रेशोल्ड लावला की गालावर पायऱ्यापायऱ्यांच्या कडा उमटतात त्या त्याच.

उघडल्यावर पहिलं काम आकार वाढवण्याचं. थ्रेशोल्डच्या नंतर वाढवायचा नाही, आधी. पिशवीवर छपाई १८ सेंटीमीटर रुंद असेल तर ती साधारण सात इंच. साध्या रंगीत फोटोला इंचाला ३०० पिक्सेल पुरतात, कारण मधल्या करड्या छटा कडा सांधून घेतात. काळं-पांढरं असेल तर ती सोय नसते, म्हणून इंचाला निदान ६०० धरा, म्हणजे ४२०० पिक्सेल रुंदी. फोटो तेवढा मोठा नसला तरी करड्या अवस्थेतच वाढवून घ्या. कडा मऊ होतील, होऊ द्या. त्या मऊ कडांवर पुढे थ्रेशोल्ड बसला की गुळगुळीत वळण मिळतं. लहान फोटोवर थ्रेशोल्ड लावून मग वाढवला तर दातेरी करवत मिळते.

आता ज्या टप्प्यावर बहुतेकांचं काम बिघडतं तो: रंगीत फोटो करडा करणं. थेट थ्रेशोल्ड लावला की सॉफ्टवेअर तुमच्या वतीने फोटो करडा करून टाकतं. नेहमीच्या पद्धतीत साधारण ३० टक्के लाल, ५९ टक्के हिरवा आणि ११ टक्के निळा असं मिश्रण घेतात. निसर्गदृश्याला ते ठीक आहे. चेहऱ्याला हे मिश्रण आपल्या हाताने ठरवावं लागतं.

चॅनेल्स नावाचं पॅनेल उघडून लाल, हिरवा, निळा एकेक करून बघा. तीन वेगळे फोटो दिसतील. आपली कातडी, गोरी असो वा सावळी, लाल उजेड जास्त परतवते आणि निळा शोषते. त्यामुळे लाल चॅनेलमध्ये चेहरा उजळ आणि नितळ दिसतो; डाग, काळी वर्तुळं, पुरळ बरंचसं निघून जातं. निळ्या चॅनेलमध्ये तोच चेहरा दहा वर्षांनी म्हातारा दिसतो, शिवाय मोबाइलच्या फोटोत सगळ्यात जास्त रवाळपणाही तिथेच असतो. सावळ्या चेहऱ्याचा काळा गोळा होतो तो बहुतेक वेळा या मिश्रणामुळे. लाल चॅनेल घेतला की गाल आणि सावली यांच्यात फरक दिसायला लागतो. म्हणून सावळ्या माणसाचा फोटो आधी ब्राइटनेस वाढवून ‘उजळवणं’ हा उपाय चुकीचा आहे. त्याने सावल्याही उजळतात आणि चेहरा सपाट होतो.

पण लाल चॅनेलमध्ये कुंकू जातं. लाल रंग लाल उजेडात उजळ दिसतो, म्हणून कुंकू कपाळाच्या रंगात मिसळून जातं. ओठांचंही तसंच. हिरव्या चॅनेलमध्ये बघा, कुंकू जवळजवळ काळं, ठसठशीत दिसेल. आजींसाठी म्हणून दोन थर करायचे: खाली लाल चॅनेलची प्रत, वर हिरव्याची, आणि वरच्या थराला काळा मास्क (थर झाकणारं आवरण; काळं तिथे झाकलेलं, पांढरं तिथे उघडं) घालून फक्त कपाळ आणि ओठांवर पांढऱ्या ब्रशने मास्क उघडायचा. साडी लाल असेल तर काठाचंही तसंच करा. साडी हिरवी असेल तर लाल चॅनेलमध्ये ती आपोआप गडद येते आणि चेहऱ्याला छान आधार मिळतो.

मास्कची भानगड नको असेल तर फोटोशॉपमधलं ब्लॅक अँड व्हाइट नावाचं अ‍ॅडजस्टमेंट घ्या. त्यात सहा रंगांचे सहा स्लायडर असतात. चेहरा मुख्यतः लाल आणि पिवळ्यात येतो. पिवळा वर न्या, लाल थोडा खाली आणा, कुंकू उठेल आणि गाल उजळ राहील. गिंपमध्ये कलर्स मेनूत डिसॅच्युरेटखाली मोनो मिक्सर आहे. फोटोशॉप नसेल तर ब्राउझरमध्ये फुकट चालणारं फोटोपी घ्या, त्यात यातलं जवळजवळ सगळं त्याच नावांनी सापडतं.

तुम्ही लिहिलंय की लग्नातला जुना कृष्णधवल फोटोही आहे. तो वापरायचा झाला तर मोबाइलने फोटोचा फोटो काढू नका; स्कॅन करा, ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके), आणि मुख्य म्हणजे रंगीत स्कॅन करा. कृष्णधवल फोटो रंगीत कशाला स्कॅन करायचा असं वाटेल, पण जुन्या फोटोवरचे पिवळट डाग, चहाचे ओघळ हे रंगीत असतात. लाल चॅनेलमध्ये ते फिके पडतात, निळ्यात उठून दिसतात. लाल घ्यायचा, निळा फेकायचा, पुसण्याचं बरंच काम वाचतं. मात्र ग्रुप फोटोतला नखाएवढा चेहरा असेल तर त्याच्या मागे लागू नका. त्यात माहितीच नसते, आणि जी ‘वाढवून देणारी’ अ‍ॅप्स आहेत ती कुठल्यातरी भलत्याच माणसाचे डोळे आणून बसवतात.

आता टोपी. पांढरी टोपी, फिकट भिंत आणि ऑफव्हाइट कापड, तीन पांढऱ्यांत ती सापडणार कशी? दोन रस्ते आहेत. पहिला म्हणजे मागे गडद आकार देणं: डोक्यामागे मरून रंगाचं भरीव वर्तुळ ठेवा, टोपी त्यावर कोऱ्या कापडाच्या रंगात उठेल. दोघांना एकाच मोठ्या वर्तुळात घेतलं तर जोडीही बांधली जाते. दुसरा रस्ता जास्त नाजूक आहे: टोपीची उजेडाकडची कड सोडून द्यायची आणि सावलीकडची कड, मधली घडी आणि कपाळावरची टोपीची सावली एवढंच ठेवायचं. बघणारा राहिलेली रेघ मनात पूर्ण करतो. मला स्वतःला हा दुसरा जास्त आवडतो, पण पिशवीवर वर्तुळ लांबून चांगलं दिसतं आणि समारंभाची तारीख त्याखाली नीट बसते. कसंही करा, मूळ फोटोतली भिंत, पडदा, सोफा कापून काढा. त्याचे कपटे थ्रेशोल्डनंतर कानाजवळ उरले तर केस पिंजारल्यासारखे दिसतात.

मिश्रण झालं, पार्श्वभूमी गेली. आता चेहऱ्याचा उजेड समतोल करायचा, म्हणजे तो एकाच आकड्यात बसेल. वर एक थ्रेशोल्डचा अ‍ॅडजस्टमेंट लेयर (खालचं चित्र न बदलता परिणाम दाखवणारा थर) आत्ताच ठेवून द्या आणि त्याखालच्या करड्या थरावर काम करा. जे कराल त्याचा परिणाम लगेच काळ्या-पांढऱ्यात दिसतो. इथून पुढे ही चित्रकलाच आहे, फक्त ब्रशने रेघ मारण्याऐवजी तुम्ही उजेड हलवता. डॉज टूलने जिथे काळं जास्त झालंय तिथे उजळायचं, बर्नने जिथे पुसलं गेलंय तिथे गडद करायचं. जोर पाच ते दहा टक्के, ब्रश मोठा आणि मऊ. सावलीची कड हळूहळू सरकताना दिसेल. नाकाची सावली वरच्या ओठापर्यंत पोचू द्या. अर्ध्यावर तुटली तर नाक लहान दिसतं. सावलीकडच्या गालावर मधोमध थोडा उजेड राहू द्या, नाहीतर पुन्हा तुमचा तो काळा गोळा.

फोटोत फारच टोकाचा फरक असेल तर डॉज-बर्नच्या आधी अनशार्प मास्क उलट्या हिशोबाने वापरा: रेडियस मोठी, ४० ते ६०, आणि अमाउंट कमी, २० ते ३० टक्के. (४२०० पिक्सेलच्या फोटोला रेडियस शंभराच्या पुढेही चालते.) त्याने धार येत नाही, जवळजवळच्या भागांतला फरक वाढतो, भुवया, नाकपुड्या, ओठांची फट हे आपापल्या जागी उठून येतात. हाय पास फिल्टरही हेच काम करतो, पण त्याचा हात जड आहे. जास्त झाला की सगळ्या मोठ्या सावल्या पोकळ होतात, फक्त कडा उरतात आणि चेहरा रेखाचित्रासारखा दिसतो. कुणाला तेच हवं असतं. मला भरीव सावली हवी असते.

एवढं करूनही टोपी आणि चेहरा एकत्र येत नसतील तर सरळ दोन-तीन वेगळे थ्रेशोल्ड काढा. टोपीसाठी २३०, चेहऱ्यासाठी १३०, डोळ्यांसाठी १०० असे तीन थर, आणि मास्कने ज्याचा त्याचा भाग दाखवा. यात फसवणूक काही नाही. डार्करूममध्ये लिथ फिल्मवर (करडं न ठेवता फक्त काळं-पांढरं उमटवणाऱ्या फिल्मवर) वेगवेगळी एक्सपोजर घेऊन आणि कापून जोडून लोक हेच करत होते.

थ्रेशोल्ड पक्का करण्याआधी करड्या थराला थोडा गॉशियन ब्लर द्या. ४२०० पिक्सेलच्या चित्राला चार ते आठ पिक्सेल. हे वाचून अनेकांना विचित्र वाटतं, कारण धारदार चित्रासाठी धार काढून टाकतोय. पण ब्लरमुळे कातडीवरचे रवे आणि एकटेदुकटे ठिपके एकमेकांत विरतात आणि थ्रेशोल्ड उरलेल्या मोठ्या आकारांच्या कडा गुळगुळीत कापतो. फोटोशॉपच्या फिल्टर गॅलरीत स्टॅम्प नावाचा फिल्टर आहे, त्याचा परिणामही जवळपास असाच येतो. घाईच्या कामाला वापरायला हरकत नाही. डोळ्यांना मात्र ब्लर कमी द्या, दोन पिक्सेल पुरे.

आता झूम आउट करा, चित्र स्क्रीनवर अंगठ्याएवढं होऊ द्या, आणि डोळे किलकिले करून बघा. ओळख पटली पाहिजे. नाही पटली तर जवळ जाऊन तपशील भरत बसू नका. मोठी सावली कुठेतरी चुकली आहे, परत डॉज-बर्नला जा.

पटली की मग हाताने सफाई. इथे काही गोष्टी मी कधीच यंत्रावर सोडत नाही. डोळे: वरच्या पापणीची रेघ जाड हवी, खालची जवळजवळ नको. बुबुळ वरच्या पापणीला चिकटलेलं असू द्या आणि त्यात एक पांढरा ठिपका ठेवा, त्याशिवाय नजर मेलेली दिसते. डोळ्याचा पांढरा भाग पूर्ण पांढरा केला तर आजोबा दचकल्यासारखे दिसतील. कोपरे सावलीत जाऊ द्या. दात: दातांमधल्या फटी एकही ठेवू नका. हसऱ्या चेहऱ्यात दातांची एक सलग पांढरी पट्टी पुरे. फटी राहिल्या तर कवटी दिसते, मग कितीही प्रेमाने काढलेला फोटो असो. सुरकुत्या: थ्रेशोल्ड प्रत्येक सुरकुतीला जखमेची खूण बनवतो. नाकापासून ओठाच्या कोपऱ्याकडे येणारी एक, डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या दोन, कपाळावरची एखादी, बाकी पुसा. सगळ्याच पुसल्या तर आजोबा साठीचे दिसतील, आणि मग कार्यक्रम कशाचा? पांढरी मिशी कापडाच्याच रंगाची राहते, म्हणून ती दिसते फक्त तिच्याखालच्या सावलीमुळे. ती सावली बारीक असली तरी जपा. गळ्याच्या शिरा, कानाच्या आतली वळणं बिनधास्त काढून टाका.

आजींच्या मंगळसूत्राचे मणी तसेच ठेवले तर छपाईत त्यांची चिखलासारखी रेघ होईल. त्यापेक्षा मण्यांच्या जागी थोडे मोठे, सुटे ठिपके स्वतः काढा आणि वाट्या दोन भरीव आकारांत. कुंकवाची टिकलीही शेवटी वेगळं वर्तुळ म्हणून काढलेली बरी, फोटोतली कड कधीच इतकी स्वच्छ येत नाही.

यानंतर ट्रेस, म्हणजे पिक्सेलच्या चित्रावरून रेघांचे आकार काढून घेणं. छपाईवाल्याकडे कोरलड्रॉ असण्याचीच शक्यता जास्त. त्यात चित्र घेऊन बिटमॅप्स मेनूतून आउटलाइन ट्रेस, त्यात लाइन आर्ट. फुकटात इंकस्केप आहे. पाथ मेनूत ट्रेस बिटमॅप, ब्राइटनेस कटऑफ. आपलं चित्र आधीच काळं-पांढरं असल्यामुळे कटऑफचा आकडा ०.४५ असो की ०.५, फरक पडत नाही. स्पेकल्स वाढवून सुटे ठिपके घालवा. मण्यांचे सुटे ठिपके त्यात जाऊ नयेत म्हणून मणी ट्रेसनंतर जोडा. एक छोटी युक्ती सांगतो, अनेक ऑपरेटरांनाही ती माहीत नसते: कोरलमध्ये चित्र एक-बिट ब्लॅक अँड व्हाइट केलं की ट्रेस न करताही रंग देता येतो. रंगपट्टीवर उजवं क्लिक केलं की काळ्याचा रंग बदलतो, डावं क्लिक केलं की पांढऱ्याचा, आणि पांढऱ्याचा रंग काढूनच टाकला तर मागचं आरपार दिसतं. मरून कापडावर कसा दिसेल ते ग्राहकाला दाखवायला हे पुरतं. छपाईसाठी मात्र फाइल काळ्यातच द्या. मरून ही शाई आहे, ती पडद्यावर (छपाईच्या ताणलेल्या जाळीवर) ओतताना येते. ज्यावरून पडदा तयार होतो ते पारदर्शक फिल्मवरचं पॉझिटिव्ह नेहमी गडद काळं लागतं, नाहीतर एक्सपोझिंगला (पडद्यावर उजेड टाकून चित्र उमटवताना) उजेड आरपार जातो आणि कडा कच्च्या पडतात.

पिशवीचं कापड जाडसर, ओल शोषणारं असतं. शाई पसरते. पातळ रेघा जाड होतात आणि बारीक फटी बुजतात, त्यामुळे माझा नियम असा की अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ ठेवायची नाही आणि पाऊण मिलिमीटरपेक्षा अरुंद फट ठेवायची नाही. इंचाला ६०० पिक्सेलच्या हिशोबात अर्धा मिलिमीटर म्हणजे साधारण १२ पिक्सेल. डोळ्यातला तो पांढरा ठिपका या नियमाने तपासा, सगळ्यात आधी तोच बुजतो. अशा कापडाला सेंटीमीटरला ४३ धाग्यांची जाळी नेहमीची आहे. छपाईवाल्याला विचारून घ्या. करड्या छटा ठेवायचाच हट्ट असेल तर हाफटोन ठिपके (लहान-मोठ्या ठिपक्यांनी छटेचा भास) करता येतात, पण त्या जाळीवर इंचाला पंचवीस-तीस ओळींपलीकडे जाता येत नाही आणि सात इंचांत दोन चेहरे त्या जाड ठिपक्यांत हरवतात. तुमच्या कामाला मी ते करणार नाही.

रंगाबद्दल: मरून उत्तम निवड. गडद निळा, बाटली हिरवाही चालेल. घरात कुणी ‘भगवा करा’, ‘पिवळा करा’ म्हणेल. फिकट कापडावर पिवळी सावली चेहरा दाखवू शकत नाही, कारण सावली ही गडदच असावी लागते. भगवा काठावर आहे, लांबून मिचमिचतो.

आणि समजा ऐनवेळी पिशव्या काळ्या किंवा गडद निळ्या घ्यायच्या ठरल्या, पांढऱ्या शाईत. मग हीच फाइल देऊ नका. हीच फाइल पांढऱ्या शाईत छापली तर सावल्या पांढऱ्या आणि गाल काळे, म्हणजे फोटोची निगेटिव्ह होते, आणि निगेटिव्हमध्ये ओळखीचा माणूसही ओळखू येत नाही. गडद कापडावर उजेड छापायचा असतो. चित्र उलटवून, म्हणजे इन्व्हर्ट करून, द्यायचं. शिवाय बाहेरची पार्श्वभूमी वेगळी काढावी लागते, नाहीतर चेहऱ्याभोवती पांढरा चौकोन छापून येईल. शाई पसरल्याने इथे काळ्या रेघा बारीक होतात, म्हणून पापण्या आणि चष्म्याच्या काड्या आधीच थोड्या जाड करून ठेवा.

मोबाइलवरची ‘स्टेन्सिल’, ‘स्केच’ अ‍ॅप्स आणि एआयवाली साधनं वापरावीत का, असंही विचारलंय. मजेसाठी वापरा. पण ती चेहरा सुंदर करतात: नाक सरळ, जबडा कोरीव, सुरकुत्या हव्या तिथे. निकाल बघून पाहुणे ‘छान आहे’ म्हणतील आणि आजी विचारेल, हे कोण?

छपाईवाल्याला पीडीएफ द्या, आत ट्रेस केलेला काळा आकार, मापासकट, आणि सोबत १८ सेंटीमीटर रुंदीची कागदी प्रिंट. सगळा गठ्ठा छापण्याआधी त्याच कापडावर, त्याच शाईत एक पिशवी छापून मागा आणि वाळल्यावर बघा. ओली शाई गडद आणि कडक दिसते. डोळे बुजले असतील तर फाइलमध्ये त्या फटी दोन-तीन पिक्सेलनी रुंद करून नवा पॉझिटिव्ह काढायचा. एक पडदा परत करायला फारसा खर्च येत नाही, पण हे आधीच ठरवून घ्या, कारण लग्नसराईत त्यांच्याकडे दुसऱ्यांदा पडदा लावायला वेळ नसतो.